घड्याळवाल्या चाचांचा हात

घड्याळवाल्या चाचांचा मला हेवा वाटायचा, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पनवेलच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि रविवारी ते आम्हा हौशी फोटोवाल्यांबरोबर करंज्याकडच्या खडकांवर यायचे. शटर उघडलं की आम्ही सगळे श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघत राहायचो. चाचा समुद्राकडे पाठ करून थर्मासमधला चहा ओतायला घ्यायचे.

"चाचा, शटर उघडंय तुमचं!"

"असू दे की. टक लावून बघितलं की दर्या लाजतो, भाई. जरा एकटा सोडा त्याला."

शटर असं मिनिट-दोन मिनिटं उघडं ठेवलं की फोटोत लाटा उरत नाहीत. खडकाभोवती नुसतं धुकं साचतं आणि खडक मात्र चिकटलेल्या कालवांसकट लख्ख दिसतो. त्यासाठी लेन्सवर गडद काच लागते. मी इंजिनिअर, ग्रुप माझाच, म्हणून माझी काच परदेशातून मागवलेली. चाचांनी हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगची काळी काच आणून रबरबँडनं बांधली होती. तिच्यातून सगळं हिरवं यायचं, म्हणून ते फोटो कृष्णधवल करून टाकायचे. ते फोटो बघितले की माझे रंगीत फोटो मला वाण्याच्या कॅलेंडरवरचे वाटायचे. मी तोंडभर कौतुक करायचो आणि घरी येऊन त्या फोटोंत खोट शोधत बसायचो. सापडायची नाही.

दुकानातही त्यांची तीच तऱ्हा. कुणी घाई केली की म्हणायचे, "घाई असेल तर नवं घ्या. दुरुस्त करायचं असेल तर बसा, चहा सांगतो." पार उरणहून बायका नखाएवढी घड्याळं घेऊन त्यांच्याकडे यायच्या. घड्याळ उघडण्याआधी ते दोन्ही हात टेबलाच्या काचेवर पालथे ठेवून क्षणभर थांबायचे, मग बिस्मिल्ला म्हणून चिमटा उचलायचे.

कुवेतला असलेल्या मुलानं त्यांना नवी लेन्स पाठवली आणि त्यांचे फोटो बिघडले. खडकाच्या कडा पुसट यायला लागल्या. एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"इंजिनिअरसाहेब, लेन्स नवी, पण खडक हलतोय. माझं काय चुकतंय?"

मला बघताक्षणी कळलं. लेन्सच्या बाजूला एक बारीक खटका होता. हातात धरून फोटो काढताना कंप जिरवायला तो उपयोगी पडतो. स्टँडवर तो बंदच करायचा असतो, नाहीतर नसलेला कंप शोधत लेन्स स्वतःच हलत राहते. हीच चूक करून मी माझा एक अख्खा रविवार वाया घालवला होता. बोटानं खटका सरकवायचा, एवढंच काम.

मी म्हणालो, "लेन्स चांगली आहे, चाचा. शटरच्या वायरचं बटण दाबताना तुमचा हात थरथरतो. वयानं होतं असं."

त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला.

"थरथरतो?"

"थोडासा."

"अच्छा," ते म्हणाले. "अल्लाची मर्जी."

त्यांनी वाद घातला असता तर मी कदाचित खरं बोललो असतो. चार रविवार त्यांनी आमच्या मागे राहावं, एवढंच मला हवं होतं. पुढच्या खेपेला खरं सांगू, असं मनाशी म्हणालो. पुढच्या खेपेला सगळे माझ्या फोटोभोवती जमले, आणि मी गप्प राहिलो.

काही महिन्यांनी बायकोचं घड्याळ बंद पडलं म्हणून आम्ही दोघं दुकानात गेलो. चाचांनी ते हातात घेतलं आणि परत तिच्यापुढे ठेवलं.

"बेटी, नाजूक घड्याळं मी आता उघडत नाही. हात भरवशाचा राहिला नाही. साहेबांनी वेळेवर सांगितलं, नाहीतर कुणाची तरी अमानत बिघडवून बसलो असतो."

बायकोनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. रस्ताभर म्हणत होती, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. लोक तोंडावर बोलत नाहीत."

त्यानंतर चाचा खडकांवर येईनासे झाले. ती लेन्स त्यांनी मला देऊन टाकली. "पडून राहण्यापेक्षा वापरा." मी घेतली. खटका बंद करून करंज्याचाच खडक टिपला आणि गावातल्या प्रदर्शनात टांगला. चाचा आले, चष्मा पुसून बराच वेळ त्या फोटोपुढे उभे राहिले आणि आजूबाजूच्या लोकांना म्हणाले, "माशाल्ला! याला म्हणतात हात."

आता त्या दुकानात फक्त पट्टे आणि सेल मिळतात. चाचा खूप थकलेत, तरी मी गेलो की स्टूल पुढे सरकवतात. त्यांचा हात कधीच थरथरत नव्हता आणि मला ते ठाऊक होतं, हे मला त्यांना गिऱ्हाइकांसमोर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो.