खाटेखालच्या चपला

पेशंट भरती झाला की नातेवाईक सगळ्यात आधी काय करतात? त्याचे कपडे, घड्याळ आणि चपला पिशवीत भरून घरी नेतात. इथे चपला हव्यात कशाला, असं त्यांना वाटतं. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई एवढ्या एका गोष्टीवरून वॉर्डभर भांडत फिरायच्या. "चपला परत आणा, ताई. अनवाणी माणूस खाटेवरून उतरेल कसा?" पेशंट त्यांना उठाबाई म्हणत. मी त्या वॉर्डची सिस्टर. तोंडावर नुसतं बाई म्हणायचे, पाठीमागे मीही उठाबाईच.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला पाऊल टाकता येतं, त्याने जेवायला खिडकीजवळच्या टेबलापर्यंत यायचं. मोठ्या डॉक्टरांना ते मुळीच पटत नसे. "पडला तर उत्तर कोण देणार? तुम्ही?" माझं दुखणं वेगळं. एकेकाला धरून न्यायला माझ्याकडे माणसं होती कुठे? बाई दोघांचंही ऐकून घ्यायच्या आणि करायचं तेच करायच्या. इतका हट्टी जीव मी दुसरा पाहिला नाही.

अशात न्यूमोनिया होऊन न्हावीकाका आले. जन्मभर उभं राहून लोकांची डोकी भादरलेला माणूस. ताप उतरला, पण पडून पडून पाय लटपटायला लागले. मुलगी मायेने घास भरवायची, कूस बदलून द्यायची. चपला तर तिने पहिल्याच दिवशी घरी नेल्या होत्या. तिचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा ती रडतच मला म्हणाली, "सिस्टर, बाबांना जिना चढता आला नाही तर वृद्धाश्रमातच ठेवावं लागेल हो." काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं.

बाईंना कळलं तेव्हा त्यांचा पारा चढला. "आधी चपला आणा, मग वृद्धाश्रमाचं बोला!"

चपला आल्या. काका खाटेच्या कडेला बसले, मग उभे राहिले, मग कुरकुरत टेबलापर्यंत गेले. "उठाबाई, एकदा माझ्या तावडीत सापडा, टक्कलच करतो तुमचं!"

"करा की. पण माझ्यापर्यंत चालत या."

घरी की वृद्धाश्रम, हे ठरवायला मुलगी आली त्या सकाळी डॉक्टरांचा राउंड चालू होता. काकांची खाट रिकामी. चपलाही नाहीत. मला न सांगता बाई पेशंटला घेऊन गेल्या होत्या! "मी सांगत होतो," डॉक्टर ओरडले, आणि आम्ही तिघं धावलो. वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला.

वर पाहतो तर काय! काका ताठ उभे. कमरेला आधाराचा पट्टा, तो बाईंच्या मुठीत. काकांच्या हातात कात्री आणि समोर खुर्चीत वाढलेल्या केसांचा एक पेशंट, अर्धा भादरलेला.

"बाबा, वर कसे आलात?"

"कसा म्हणजे? जिन्याने. थांब, यांची डावी बाजू राहिलीय."

मुलगी रडत होती आणि हसतही होती. "आटपा लवकर, बाबा. घरी जायचंय." मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही. डॉक्टर उरलेला राउंड घ्यायला खाली गेले.

दुपारी काकांच्या खाटेवर नवा पेशंट आला. त्याचा भाऊ पिशवी भरत असताना डॉक्टर तिथे थांबले, घसा खाकरला.

"कपडे न्या. चपला इथेच राहू द्या."