तोरणाखालच्या दोन ओळी

कविता लिहायचा मला आता कंटाळा येतो, आणि ती माझीच आहे हे सांगायचा त्याहून जास्त. वाशीमच्या कोर्टात मी नकलांच्या टेबलावर बसतो. डावीकडे मूळ कागद, उजवीकडे नक्कल, ओळीला ओळ ताडायची आणि शिक्का मारायचा. संध्याकाळी स्वतःचं लिहायला बसलो तरी ती खोड जात नाही. प्रत्येक ओळ कुठंतरी वाचलेली वाटते, आणि बहुतेक वेळा ती वाचलेलीच असते. स्वतःच्या खर्चानं दोन संग्रह काढले. एकानं परीक्षणात 'इतरांचे प्रभाव जाणवतात' एवढंच लिहिलं. राग आला, पण ते खोटं नव्हतं.

फक्त दोन ओळींबद्दल मला कधी शंका आली नाही, आणि नेमक्या त्याच छापलेल्या नाहीत. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे एकेक जण पुढे होऊन यमक जुळवून बोलतो. कोणाची खिल्ली, कोणाचं गाऱ्हाणं. त्याला झडती म्हणतात. मंगरूळपीरकडच्या आमच्या गावात, मी कॉलेजात असताना, वडिलांसाठी एक झडती रचली होती. वडील चारचौघांत तोंड न उघडणारे. त्या साली मात्र बैलांच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी ती म्हटली:

सोयाबीन गेलं वाशीमले, वाटंत भिजलं पोतं,
बैलाले इचारा एकडाव, वझं कोनाचं व्हतं.

लोक पोट धरून हसले. घरी येताना वडील म्हणाले, "जमलं बाप्पा तुले." माझ्या लिहिण्याबद्दल ते आयुष्यात एवढंच बोलले. त्यामुळे बाकी सगळं उसनं ठरलं तरी चालेल, या दोन ओळी माझ्याच राहाव्यात असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

वडील गेले. नोकरी वाशीमला, शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, बैल बांधायचे कुठं? मंगरूळपीरच्या बाजारात मीच ते विकले. बैल विकताना दावं देत नाहीत. ते तेवढं घरी आणून खुंटीला टांगलं. त्यावर मला एक अक्षर सुचलं नाही. लोकांना वाटतं कवीला दुःखातून कविता येते. मला फक्त झोप आली होती.

यंदा पोळ्याला बहिणीकडे गेलो, जऊळक्याजवळच्या तिच्या गावी. तोरणाखाली मोजक्याच जोड्या, आणि मागं धुऊन-पुसून हार घातलेले ट्रॅक्टर. झडत्या त्याच त्या, मोबाइलवर फिरणाऱ्या. जांभया आवरत उभा होतो, तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी पुढे आले. सोबत बैल नव्हते, हातात नुसतं दावं होतं.

सोयाबीन गेलं वाशीमले, वाटंत भिजलं पोतं,
घरी यिऊन पायलं त दावं रिकामं व्हतं.

कोणी हसलं नाही. पहिली ओळ माझी होती. दुसरी माझी नव्हती, आणि माझ्या ओळीपेक्षा ती कितीतरी चांगली होती. कशाचा राग जास्त आला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हातारे बाजूला झाल्यावर मी त्यांना गाठलं. "बाबा, हे झडती माही हाय. मी लिवली."

"तुमची कशी असन, पाव्हने? बापजाद्यापासून म्हनून राह्यले लोक इथं."

"बापजाद्याच्या वक्ती सोयाबीन व्हतं का इकडं?"

"मंग तवा जवारी म्हनत असतीन," ते शांतपणे म्हणाले.

बाजूला उभे असलेले भाऊजी खो खो हसले. मी काय दाखवणार होतो? मूळ कागद नव्हताच. मूळ म्हणजे माझे वडील, आणि ते आता साक्षीला येणार नव्हते.

"दुसरी ओळ कोनी बदलली?" मी विचारलं.

"बदलली कायले म्हनता? आमच्या इथं ज्याचे बैल त्या साली गेले, तो दावं घेऊन हे म्हनते. औंदा माहे गेले." मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तुमचे हायेत?"

"इकले. बाप गेल्यावर."

"तवा म्हनलं व्हतं का?"

"नाही."

त्यांनी दावं माझ्या हातात दिलं. "मंग म्हना."

मी तोरणाखाली गेलो तो हट्टानंच. निदान एकदा लोकांसमोर माझी दुसरी ओळ म्हणायची, वडिलांनी म्हटली होती तशी, शब्दाला शब्द. पहिली ओळ खणखणीत म्हटली. मग हातातल्या दाव्याकडे लक्ष गेलं. खरखरीत होतं, एका जागी मानेला घासून गुळगुळीत झालेलं. आमच्या खुंटीवरचंही तसंच आहे.

"घरी यिऊन पायलं त," एवढंच तोंडातून आलं.

उरलेलं गावानं म्हटलं.