साखळ्या तुटू नयेत म्हणून

पीएच.डी.ची माझी वर्षं अंधाऱ्या खोलीत वाहतं पाणी बघण्यात गेली. पाणी म्हणजे पॉलिमरचं द्रावण. त्याच्या अलीकडे-पलीकडे पोलरॉइडच्या दोन पट्ट्या, एक उभी, एक आडवी. द्रावण स्थिर असलं की सगळं काळं. वाहू लागलं की त्यातले लांबलचक रेणू ताणले जाऊन एका दिशेला होतात आणि पट्ट्यांमधून उजेड येतो. तो उजेड मोजून रेणू किती ताणले गेले ते कळतं. फार जोर लावला तर रेणूंच्या साखळ्या तुटतात, उजेड मंदावतो.

हे सगळं मी सुट्टीत नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावी दादाला ऐकवलं. दादा दहावीनंतर शेतीतच राहिला, पण माझं बोलणं कान देऊन ऐकायचा. त्या वर्षी बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती. फवारणीवर फवारणी चालली होती आणि वाऱ्यानं औषध त्याच्याच तोंडावर येत होतं. मला शहाणपणा सुचला. म्हटलं, फवाऱ्याच्या पाण्यात गवारगमची, म्हणजे गवारीच्या बियांच्या डिंकाची, चिमूटभर पूड घाल, तेही पॉलिमरच, थेंब जड होतात, उडत नाहीत. वर बजावलं, "जोरानं ढवळू नको, साखळ्या तुटतात."

"हाव," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी तो बांधावर कोसळला. तोंडातून लाळ, अंग घामानं निथळलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दवाखान्यात दोन दिवस आमच्या जिवात जीव नव्हता. मी वाऱ्याला शिव्या घालत बसले होते.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. डॉक्टरांनी त्याचा कोपरापर्यंत लाल झालेला उजवा हात उचलून विचारलं, "हा कशात घातला होता?"

"औषधाच्या ड्रमात. पुडीच्या गाठी झाल्या होत्या. काठीनं ढवळलं असतं तं साखळ्या तुटल्या असत्या. म्हून हातानं फोडल्या, हळूहळू."

प्रयोगशाळेत मी हातमोज्यांशिवाय साधी नळी उचलत नाही. पूड आधी साध्या पाण्यात भिजवायची असते, विषात हात घालायचा नसतो, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

डॉक्टर भडकले. "कोणत्या मूर्खानं शिकवलं हे?"

दादानं मान माझ्याकडे वळवली. त्याला धड बोलवत नव्हतं, तरी चेहरा खुलला.

"माही बईन हाये, साहेब. लय शिकली."