दोन एकरांचा कर्ब

"साहेब, तुमच्या कागदानं माजे दहा गुंठे गेले," मिरजगावचा मारुती म्हणाला आणि अहवाल टेबलावर ठेवला. खाली सही माझीच होती.

मी नगरला माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करतो. मारुती आणि त्याचा थोरला भाऊ किसन यांची चार एकरांची वाटणी चालली होती. दोन्ही तुकड्यांची माती किसननंच आणून दिली होती. पश्चिमेच्या तुकड्याचा सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के निघाला, पूर्वेचा १.२३. पाला, शेणखत कुजून जो कस मातीत राहतो, त्याचं हे माप. पूर्वेचा तुकडा मारुतीचा. माती तिप्पट कसदार, तर त्यानं दहा गुंठे कमी घ्यावेत, असं पंचांनी सुचवलं. सोमवारी मोजणी होती.

"पण माती खरंच चांगली असेल तर?"

"चांगली? तिथं बाजरी गुडघ्याच्या वर जात न्हाई, साहेब!"

उरलेली माती आम्ही काही महिने जपून ठेवतो. पूर्वेच्या तुकड्याची पिशवी काढून कागदावर पसरली. मातीत कडुलिंबाच्या पानांच्या वाळक्या काड्या होत्या.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "आला तो नमुना आपण तपासला. भावकीत पडू नका."

"कोरडवाहू रानात एवढा कर्ब बसत नाही, मॅडम. सही करतानाच मला हे दिसायला हवं होतं."

"मग शनिवारी जा. स्वतःच्या गाडीवर."

गेलो. दोघे भाऊ बांधावर उभे होते. "माती नेमकी कुठून घेतलीत?" मी विचारलं. किसननं पूर्वेच्या तुकड्यातल्या मोठ्या लिंबाखाली बोट दाखवलं.

"बाकी रान दगडावानी हुतं. हितं खुरपं लोण्यात गेल्यागत जातं."

"आन् सावलीबी लागती दादाला," मारुती म्हणाला.

"तू आला आस्तास तर उन्हात खांदलं आस्तंस का रं?"

किसन खोटं वागला नव्हता. दर फाल्गुनात तो लिंब पानं गाळतो. ती तिथंच कुजतात, म्हणून तिथली माती काळी, भुसभुशीत. पण झाड पोसतं ते आपल्या घेरापुरतं.

मी लिंबापासून लांब, नागमोडी चालत आठ ठिकाणी वीतभर खणलं, माती एकत्र केली आणि त्यातली अर्धा किलो घेतली. किसनला पाटी धरायला लावली. रविवारी प्रयोगशाळा उघडून तपासलं. कर्ब ०.३९.

सोमवारी नवा अहवाल पंचांपुढे गेला. दोघांना दोन-दोन एकर मिळाले. किसननं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "म्हंजी आमी बांधावर पाला पेटवतो, त्यो कस जाळतो व्हय?"

"बराचसा," मी म्हणालो.

पहिल्या अहवालातला आकडा बरोबर होता. तो एका झाडाखालचा होता आणि मी तो दोन एकरांच्या नावावर सही करून दिला. आता फार चांगला आकडा आला की मी शेतकऱ्याचं अभिनंदन करत नाही. फोन लावतो आणि खुरपं कुठं चालवलं ते विचारतो.