फीट नव्हे, झोप

आमच्या जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात फ्रान्सच्या डॉक्टरबाई आल्या, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथे आया होते. बायांना रांगेत बसवायचं, त्यांची लेकरं धरायची, पट्ट्या धुऊन वाळत घालायच्या, हे माझं काम. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. अजूनही निघत नाही, म्हणून हे वहीत लिहिते आहे. पण एक मला पक्कं ठाऊक आहे. झोपेच्या दुखण्यांची जी इंग्रजी वही त्या दवाखान्यात तयार झाली, तिच्यात माझा वाटा होता, आणि तो लहान नव्हता.

डॉक्टरबाईंनी आपल्या देशात झोपेच्या आजारांवर पुष्कळ काम केलेलं. टिपणं सगळी फ्रेंचमध्ये. आपण परत गेल्यावर इथे ती कोण वाचणार, म्हणून रोज दुपारी गर्दी सरली की त्या आणि नर्सबाई ती इंग्रजीत करायला बसत. नर्सबाई केरळच्या. त्यांचं इंग्रजी चांगलं, फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. डॉक्टरबाईंचं इंग्रजी कामापुरतं. हिंदुस्थानी दोघींचंही मोडकंतोडकं. मी चौथीपर्यंत शिकले ती निजामाच्या शाळेत, त्यामुळे मराठीबरोबर उर्दूही आलेली. दोघींचं अडलं की मला हाक मारत.

डॉक्टरबाईंची एक रीत होती. जाड्या डिक्शनरीत इंग्रजी शब्द सापडला, तरी त्या तो शाईने लिहू देत नसत. आधी पेन्सिलीने. मग त्या दुखण्यात काय होतं ते मला समजावून सांगत. दुसऱ्या दिवशी मी रांगेतल्या बायांना, एकेकीच्या शेजारी बसून, हळूच विचारायचं, "असं कुणाला होतं का?" एखादी "अस्संच होतं" म्हणाली, की तिचं सगळं ऐकून मी ते डॉक्टरबाईंना सांगायचं. त्यांच्या टिपणाशी ते जुळलं तरच शाई.

नर्सबाई वैतागत. "डिक्शनरी में है ना, मॅडम!"

"डिक्शनरी को नींद नहीं आता," डॉक्टरबाई म्हणत. "औरत को आता."

एका फ्रेंच शब्दाला डिक्शनरीत 'वाईट स्वप्न' एवढंच दिलं होतं. मी चौकशी केली तर बाया म्हणाल्या, स्वप्न कसलं, डोळे उघडे असतात, आढ्याची लाकडं दिसतात, फक्त हात हलत नाही आणि उरावर कुणी बसलंय असं वाटतं. मी तसं सांगितलं. डॉक्टरबाईंनी टिपण पुन्हा वाचलं, आणि एकाची दोन दुखणी करून दोन ओळी लिहिल्या. झोपेत चालण्याबद्दल विचारलं, तर धावडा गावची एक बाई म्हणाली, "अगं माय, झोपेत चालता आलं असतं तर मी आत्तापर्यंत माहेरी न्हाई का पोचले असते?" सगळी रांग हसली. तेही मी जसंच्या तसं सांगितलं.

असं करता करता वहीतले बहुतेक शब्द शाईचे झाले. एक राहिला, कॅटाप्लेक्सी. फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत तो जवळपास सारखाच, म्हणून भाषांतराची अडचण नव्हती. पण डॉक्टरबाईंनी त्याचा अर्थ सांगितला, "हँसता, फिर गिरता. मगर सुनता सब," आणि अशी बाई मला काही भेटेना. कित्येक महिने मी विचारत होते. बाया माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तुलाच कायतरी झालंय."

मग वाटूरकडचं एक कुटुंब आलं. परतूरला गाडी धरून सकाळीच उतरले होते. सासू, धाकटा दीर आणि सून. नवरा कापूस वेचणीसाठी मागे राहिला होता. दीर शाळामास्तर, थोडं इंग्रजी वाचणारा. सून असेल सतरा-अठरा वर्षांची. त्यांना औषध नको होतं, कागद हवा होता. पोरगी जात्यावर दळता दळता झोपते, चालता चालता कोसळते, म्हणजे तिला फीट येते, असं दवाखान्यानं लिहून द्यावं. कागद मिळाला की तिला माहेरी पोचवायचं आणि थोरल्याचं दुसरं लग्न करायचं. मुलगीही पाहून ठेवलेली. सासूने हे काही लपवलं नाही. रांगेत बसल्या बसल्या शेजारणीला सगळं सांगून टाकलं.

मी सुनेजवळ जाऊन बसले. ती मान वर करेना. मी विचारलं, "पडलीस की काही कळतं का गं?"

"समदं ऐकू येतं, मावशी," ती पुटपुटली. "कोन काय बोलून राह्यलं ते बी. फकस्त अंग माझं राहात न्हाई."

"कधी होतं?"

"हासू आलं की."

पेन्सिलीचा शब्द समोर बसला होता.

डॉक्टरबाई आत एका बाळाला टोचत होत्या. तेवढ्यात नर्सबाईंनी दिराचं ऐकून घेतलं, कागद लिहिला आणि सहीसाठी आत नेला. लिहिताना त्या स्वतःशीच बोलत, म्हणून मला कळलं. त्यांनी 'फिट्स' लिहिलं होतं. मी मागोमाग गेले. डॉक्टरबाईंनी पेन उघडलं होतं.

"नको," मी म्हणाले. दवाखान्यात न विचारता बोललेला तो माझा पहिला शब्द असावा. "इसको फीट नहीं है. वो पेन्सिलवाला है."

नर्सबाई म्हणाल्या, "वो नाम लिखेगा तो इधर कौन समझेगा? फिट्स सबको समझता है."

"समझता है, इसीलिए नहीं लिखना," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन बंद केलं. "दिखाओ," म्हणाल्या, आणि माझ्याबरोबर बाहेर रांगेपाशी आल्या.

आता दाखवायचं म्हणजे त्या पोरीला हसवायचं, तेही सासूसमोर. मला विनोद सांगता येत नाही. लग्नातसुद्धा नाव घ्यायची वेळ आली की मी चुलीपाशी जाऊन बसायची. पण त्यावरूनच मला सुचलं. मी सासूला म्हटलं, "मावशी, वाटूरकडच्या बाया उखाण्यात लई हुशार असतात म्हणे. आमच्या मेमसाहेबांनी कधी ऐकला नाही. घेता का एक?"

"ह्या वयात?" सासू म्हणाली. पण पदर सावरलाच. दीर म्हणाला, "आई, आपण कशाला आल्तो, काय चाललंय!"

"तू गप रे. तुझ्या बापाचं नाव घ्यायलीय, तुझं न्हाई." आणि खणखणीत आवाजात तिने घेतला,

"परतूरच्या बाजारातून म्हैस आणली काळी,
—राव घोरू लागले की जागी सारी आळी."

तिच्या मालकांचं नाव मी इथे लिहीत नाही. रांगेतल्या बायांनी टाळ्या पिटल्या. सुनेने पदर तोंडाला लावला, खांदे हलले, आणि तिचा जबडा सुटला, मान कलली, गुडघे दुमडले. मी तयारच होते. तिला धरून खाली बसवलं. डोळे अर्धे मिटलेले, हात लोंबलेले.

"बघा!" दीर म्हणाला. "हीच ती फीट!"

डॉक्टरबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि नाडी धरली. थोड्याच वेळात पोरगी सरळ झाली. मी तिला म्हटलं, "आत्ता काय काय ऐकलंस ते सांग."

ती घाबरत म्हणाली, "बायांनी टाळ्या वाजवल्या. भावजी म्हनले, हीच ती फीट. त्याआधी आत्याबाईंनी..." आणि तिने तो उखाणा शब्द न् शब्द म्हणून दाखवला, फक्त सासऱ्याच्या नावाशी थांबून मान खाली घातली. फीट आलेल्या माणसाला मधलं काही आठवत नाही, हे मास्तरलाही माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी नवा कागद मागवला. नर्सबाईंनी इंग्रजीत दुखण्याचं नाव लिहिलं, आणि खाली मी सांगितलं तसं, की शुद्ध जात नाही, सगळं ऐकू येतं, हे फेफरं नव्हे, झोपेचाच एक आजार आहे. त्याखाली मी माझ्या अक्षरात तेच मराठीत लिहिलं. दिवसातून दोनदा झोपू द्यावं, चुलीपाशी आणि विहिरीवर एकटीला पाठवू नये, हेही लिहिलं. मास्तरने दोन्ही वाचलं.

"मराठी कुणी लिहिलं?"

"मी."

"किती शिकलात?"

"चौथी," मी म्हणाले, आणि खाली बघितलं नाही.

त्याने कागद आईपुढे धरला. "ह्यात फीट न्हाई म्हणून लिहिलंय. आता त्या पाहून ठेवलेल्या पोरीच्या घरच्यांना काय सांगायचं?"

सासूने कागदाची घडी केली आणि कमरेच्या चंचीत घातली. सुनेचा घसरलेला पदर तिच्या डोक्यावर ओढला. "काय सांगायचं? आमची सून झोपाळू आहे म्हणून सांग. पायच मोडले असते तर टाकली असती व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला हासवायचं न्हाई, एवढंच ना? मंग बेफिकीर राह्य. माझ्या घरात कोन हासवतंय तिला!"

पोरीचे खांदे पुन्हा हलायला लागले. मी पुढे झाले, पण म्हातारीने माझ्याआधी तिचा दंड घट्ट धरला होता. "थांब की गं," ती ओरडली. "गाडी पकडायचीय अजून."