तिच्या वाटचा भात

असे अनुभव लिहिणारी माणसं सुरुवातीलाच हात जोडतात. माझ्या तेव्हा मुठी आवळलेल्या होत्या, हे आधी सांगून टाकतो. देवीवर माझा राग होता. साधासुधा नव्हे, चार महिने झोपता-उठता पोसलेला राग. मी मरोळच्या एका कारखान्यात फिटर आहे, वय चौपन्न, राहतो वाकोल्याला. गाव देवगडकडचं. आमच्या ग्रामदेवीच्या जत्रेला दरवर्षी रजा मिळत नाही, म्हणून गावच्या मुंबईकरांनी फार पूर्वी बोरिवलीला, गोराईच्या जेट्टीच्या अलीकडे, तिची एक घुमटी बांधली. गावाहून आणलेला पाषाण, वर पत्रा, पुढे चार लाद्या, एवढंच देऊळ. तरुणपणापासून जत्रेच्या दिवशी मी वाकोल्याहून त्या घुमटीपर्यंत पळत जायचो आणि पळतच परत यायचो. जाऊन-येऊन बेचाळीसएक किलोमीटर. लोक एवढं अंतर पळून गळ्यात पदकं घालून घेतात, मी घरी येऊन बायकोच्या हातचा वरण-भात खायचो आणि झोपायचो.

सहा वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे ऑक्सिजनवर होतो. वाचलो, पण छाती पूर्वीची राहिली नाही. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू पळायला हरकत नाही. एका सकाळी मी बूट घालून निघालो आणि गल्लीच्या तोंडाशीच माझी वाट लागली. एका रिक्षाला धरून उभा राहिलो. रिक्षावाल्याने मला पाणी दिलं आणि कुठे सोडू म्हणून विचारलं. ज्या रस्त्यावर लोक मला पळताना ओळखायचे, तिथे मला घरी सोडायची भाषा. मला इतकी लाज वाटली की बूट माळ्यावर टाकले. पुढे दर जत्रेला म्हणायचो, या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू. बायको कधी काही बोलली नाही. ती का बोलत नव्हती, ते मला गेल्या गणपतीत कळलं.

गावी घरची पंगत बसली होती. वहिनी भात वाढत आली, तेव्हा माझ्या बायकोने पानावर हात आडवा धरला. वहिनी सहज म्हणाली, "अजून नवस फिटाक नाय?" माझा घास हातातच राहिला. रात्री खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. मी ऑक्सिजनवर असताना तिने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून देवीला गाऱ्हाणं घातलं होतं. हे पूर्वीसारखे तुझ्या घुमटीपर्यंत पळत जाऊन पळत घरी येतील, तोवर मी भाताला शिवणार नाही. आणि ती शिवली नव्हती. भाकरी खायची. साखर वाढली म्हणून भात बंद केलाय, असं मला सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून पेपर वाचत बसलो होतो.

आमच्याकडे भाताशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. अशा घरात वाढलेली बाई सहा वर्षं रोज तांदूळ धुवायची, भात शिजवायची, माझ्या ताटात वाढायची आणि समोर बसून भाकरी मोडायची. आणि मी काय करायचो? "आज भात मऊ झालाय," म्हणायचो. एकदा दोनदा नव्हे, सवयीने. ते आठवलं की आजही माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

पण स्वतःवर रागावणं जड जातं, म्हणून तो राग मी बायकोवर काढला. मला न विचारता माझे पाय गहाण का टाकलेस, म्हणून ओरडलो. सांगितलं का नाहीस? ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी पळाला असतात, छाती फुटेस्तोवर. मला तुम्ही बरे होऊन पळायला हवे होतात." मग उरलेला सगळा राग देवीवर गेला. एका बाईचा भात अडवून ही कसली आई? तू तो मागितला नव्हतास, हे खरं. पण कोणी असं काही देऊ लागलं तर नको म्हणायला तोंड नाही का तुला? त्या दिवसापासून मीही भात सोडला. बायको म्हणाली, तुमचा हट्ट आणि माझा नवस एकत्र करू नका. मी ऐकलं नाही. दोन मालवणी माणसं चार महिने समोरासमोर बसून भाकरी चावत होती.

त्या चार महिन्यांत मी पळायला लागलो. माळ्यावरचे बूट काढले तर तळच सुटून हातात आला, नवे घेतले. पहिल्या आठवड्यात एक किलोमीटर, तोही दोनदा थांबून. मग तीन, मग सात. शिफ्टला जायच्या आधी कलिन्याच्या बाजूने चकरा मारायचो. दमलो की तिचं भाकरी मोडणं डोळ्यांपुढे आणायचो, आणि पाय पुन्हा चालू व्हायचे. पळण्याने मन शांत होतं म्हणतात. माझं उलट झालं. जितका पळालो तितका पेटलो.

जत्रेच्या दिवशी देवीचं दर्शन होईपर्यंत आम्ही काही खात नाही. पण पळायचं असलं की मी साखर-मिठाचं पाणी पीत पीत जायचो. माझी आई म्हणायची, पळणाऱ्याला देवी तेवढं माफ करते. या वर्षी मला माफी नको होती. पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही, असं ठरवलं. उपास काय असतो ते तुला आता मी दाखवतो, असा सगळा आव. बायकोने आदल्या संध्याकाळी साखर-मिठाच्या पाण्याची बाटली भरून माझ्या बुटांजवळ ठेवली होती. पहाटे पाचला निघताना मी ती उचलून मुद्दाम चपलांच्या फळीवर ठेवली. त्या वेळी ती झोपलेली आहे, असं मी समजत होतो.

हायवेला लागलो. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव. थंडी होती, पाय मोकळे होते आणि डोक्यात भांडण चालू होतं. मालाडला उजाडलं. कांदिवलीला घाम यायचा थांबला आणि तोंडात मीठ साचल्यासारखं वाटायला लागलं. इतक्या वर्षांच्या अनुभवाने याचा अर्थ मला कळायला हवा होता. कळला नाही, किंवा कळूनही मी ऐकलं नाही. बोरिवलीला पश्चिमेला वळून खाडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा डाव्या पोटरीत गोळे येत होते. घुमटीशी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले असतील. गावच्या मंडळाची पूजा दहाला, म्हणून कोणी हार-तोरण बांधून चहाला गेलं होतं. घुमटीपुढे आम्ही दोघंच होतो, देवी आणि मी.

गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत असते. आधी देवीला मान द्यायचा, मग मागणं सांगायचं. मी मान-बिन दिला नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "आई, तुका माझ्या बायलेचोच भात होयो होतो? सा वर्सां घेतलंस. आता तरी पोट भरला?" शेवटच्या शब्दाला आवाज फुटला. पुढेही बोलायचं होतं, चार महिने पाठ केलेलं होतं. पण पाषाण डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागला, दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या आणि मी लादीवर बसलो तो आडवाच झालो. मला वाटलं, झालं. अर्ध्या वाटेत संपलं. आता रिक्षा, पुन्हा एकदा कोणीतरी घरी सोडणार, आणि बायको मरेपर्यंत भाकरी खाणार. मी तिथे पडून रडलो. ते रडणं भक्तीचं नव्हतं, चिडून रडणं होतं.

घुमटीच्या शेजारी रस्त्यावर गोराईची एक बाई भाजी घेऊन बसली होती. सकाळच्या बोटीने खाडी ओलांडून आलेली, साठीच्या पुढची, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. तिने आधी माझ्या तोंडावर पाणी मारलं, मग माझं डोकं तिच्या टोपलीच्या फडक्यावर ठेवलं आणि स्टीलचा डबा उघडून ओठांना लावला. वासावरूनच ओळखलं. पेज होती. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, अजून कोमट. मी तोंड फिरवलं. म्हणालो, उपास आहे, आणि भात तर मला चालतच नाही. तिने कारण विचारलं. का कोण जाणे, मी त्या परक्या बाईला नवसाचं सगळं दोन वाक्यांत सांगितलं.

ती चिडली. माझ्या सबंध आयुष्यात कोणी माझ्यावर इतक्या आपलेपणाने चिडलेलं नाही. "तुझी बायको तुझ्यासाठी उपाशी राहिली, आणि तू तिला विधवा करायला निघालास? पी गुपचूप." मग थोडी निवळून म्हणाली, "हा डबा माझ्या बहिणीचा. रोज येते, आज आली नाय. सून दोघींचे डबे भरते, तिला कोण सांगणार? तुझ्या देवीने विचारलं तर सांग, मी पाजली."

मी प्यालो. चार महिन्यांनी जिभेवर भात आला आणि माझ्या अंगातला सगळा आव गेला. पहिला घोट हरल्यासारखा होता. तिसऱ्या घोटाला मी डबा दोन्ही हातांनी धरला होता. तिने पोटऱ्या चोळून दिल्या, अर्धा तास बसवून ठेवलं, एक पाण्याची बाटली हातात कोंबली. निघताना मी पाषाणापुढे वाकलो. काही मागितलं नाही.

परतीचं अंतर मी रागाने पळालो नाही, हे गोरेगावला आल्यावर माझ्या लक्षात आलं. ऊन चढलं होतं, वेग म्हणाल तर शेजारून चालणारे पुढे जात होते. पण पाय एकामागे एक पडत होते आणि मला त्यांना हाकलावं लागत नव्हतं. घोट घोट पाणी पीत होतो. दुपारी एकच्या सुमाराला आमच्या इमारतीच्या फाटकातून आत आलो तेव्हा बायको खाली बाकावर बसली होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. पदराने माझ्या मिशीला चिकटलेलं काहीतरी पुसलं आणि बोटावर घेऊन पाहत राहिली. शीत होतं.

मला वाटलं, मी हिचा नवस मोडला. मी सगळं सांगितलं, चपलांच्या फळीवरच्या बाटलीपासून. शेवटी म्हणालो, "तुझ्याआधी मी भात खाल्ला." ती मग म्हणाली, "तुम्ही गेल्यावर बाटली दिसली. मग देवीला सांगितलं, सहा वर्षं माझ्या वाटचा भात तुझ्याकडे आहे. त्यातला वाटीभर आज त्यांना दे."

यावर मी काही सिद्ध करायला बसलेलो नाही. एका बाईची बहीण त्या दिवशी भाजी विकायला आली नाही, एवढंच घडलं, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. मी चार महिने देवीशी भांडत होतो की तू घेतेस, घेतेस आणि घेतेस. तिने मला एक वाटी पेज दिली आणि गप्प केलं. शरण जाणं म्हणजे हात जोडणं असेल असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत ते तोंड उघडणं निघालं. देवीशी माझं अजूनही अधूनमधून वाजतं, पण आता ते घरातल्या माणसाशी वाजावं तसं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं जेट्टीवर गेलो. त्या भाजीवाल्या मावशीची ओटी भरायला बायकोने नारळ-तांदूळ नेले होते. तिने क्रूस चाचपला, हसली आणि ओटी घेतली. शेजारी तिची बहीण बसली होती.

जत्रेच्या त्या दुपारी मात्र आम्ही वर, घरात गेलो. बायकोने भात टाकून ठेवला होता. मी आंघोळ करून आलो तोवर दोन पानं वाढलेली होती, आणि दोन्हींवर भात होता. तिने डोळे मिटून पहिला घास घेतला आणि पुष्कळ वेळ चावत राहिली. मी माझ्या पानाला हात लावला नव्हता. घास गिळून तिने माझ्याकडे पाहिलं.

"खरंच की हो," ती म्हणाली, "मऊ होतोय."

पुढ्यात वाढलेला भात मी खाल्ला.