ढ एकटा येत नाही

हातमाग मामांनी उभ्या आयुष्यात वीतभर कापड विणलं नाही. तरी दौंडमध्ये स्टेशनच्या आसपास कुणालाही "हातमाग कुठंय?" असं विचारलं, की बोट त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानाकडे जायचं. कारण असं, की दुसऱ्याच्या कीबोर्डजवळ गेले की मामांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जायचे. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं, जणू सोडलं तर हात आगळीक करतील. स्क्रीनकडे हनुवटीनं खूण करायची, तोंडानं सांगायचं, पण बोट लावायचं नाही. शिकवायला बसणाऱ्या प्रत्येकाला तोच हुकूम होता, "हात मागं!" हात मागं, हात मागं म्हणता म्हणता पोरांनी त्यांचा हातमाग करून टाकला.

एकदा पुण्याहून एक वार्ताहर कॅमेरा घेऊन आले. दौंडात एक मुसलमान कुटुंब अजून हातमाग चालवतं, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. बुडत्या कलेवर बातमी करायची होती. मामांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यांच्याकडे पाठ केली. "काढा फोटू. ह्यो बघा हातमाग. दौंडात एवढा एकच हाय." दुकानातली पोरं टेबलावर डोकं ठेवून हसत होती. वार्ताहर आधी ओशाळले, मग तेही हसले, आणि आलोच आहोत तर म्हणून त्यांनी आपल्या लॅपटॉपवरचं बिघडलेलं मराठी टायपिंग दाखवलं. ते दुरुस्त झालं. अर्थात, त्यांच्याच हातून.

मी मामांकडे पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनंच. आमच्या घरात तांदळापेक्षा पत्रकं जास्त. बाबा कामगारांची, पाण्याची, रस्त्याची पत्रकं काढायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. 'निषेध'मधला ष मला शाळेत जायच्या आधीपासून ओळखीचा होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना बाबांनी हातानं लिहिलेला कागद घेऊन मी दुकानात शिरले. वर ठळक मथळा होता, 'लढा पाण्यासाठी'.

"एवढं टाईप करून द्या, मामा. संध्याकाळी वाटायचंय."

"लढा कुणाचा हाय?"

"आमचा."

"मग टाईप मी कशाला करू? बस."

मी बसले, रागानं. त्यांचे हात मागे गेले. कीबोर्डभर अक्षर हुडकलं. ल सापडला. पुढे गाडी अडली.

"मामा, ह्यात ढ नाहीये."

"हाय की. ड दिसतो का?"

"दिसतो."

"त्येच्या डोक्यावर बसलाय बघ. आधी शिफ्ट दाबून धर, मंग ड दाब."

दाबला. स्क्रीनवर ढ उमटला. मामा खूश होऊन म्हणाले, "ढ एकटा येत न्हाई, पोरी. शाळंतला असू दे न्हाईतर कीबोर्डावरला. त्याच्या जोडीला कुणीतरी लागतंच."

पत्रक संध्याकाळी वाटलं गेलं नाही, दुसऱ्या दिवशी गेलं. बाबा चिडले. मी मात्र ते वाटताना ताठ मानेनं चालत होते, कारण त्यातलं एकही अक्षर उसनं नव्हतं. त्या दिवसापासून मामांनी माझं नाव ठेवलं 'हँडबिल'. दारात दिसले रे दिसले की म्हणायचे, "काय हँडबिल, आज कुणाचा निषेध?"

या हात मागे घेण्याचं मूळ एका टॉवेलात होतं. तरुणपणी मामा रांजणगावच्या एका कारखान्यात मशिनची देखभाल करायचे. तिथला जुना मिस्त्री बिघाड काढताना खांद्यावरचा टॉवेल पॅनेलच्या दाराला आडवा टांगायचा. आत काय करतो ते नव्या पोरांना दिसू नये म्हणून. एकदा मामा डोकावले, तर त्यानं सगळ्यांसमोर शिवी दिली. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपण शिकवायचं ते उघड्यावर आणि शिकणाऱ्याच्याच हातून. ती आठवण निघाली की मामांचा आवाज चढायचा. "इद्या काय आंघोळ हाय का, आडोशाला करायला?"

कारखाना सोडून त्यांनी दुकान घेतलं ते सायबर कॅफेचं. प्लायवूडची खुराडी आणि प्रत्येकाला पडदा. पुढे नेट सगळ्यांच्या खिशात आलं आणि खुराडी ओस पडली. बाकीच्या कॅफेवाल्यांनी कॉम्प्युटर भंगारात घातले. मामांनी पडदे फाडले, प्लायवूड उचकटलं आणि त्याचं एकच लांबलचक टेबल केलं. या टोकाला बसलेल्याची चूक त्या टोकाला दिसावी, असं. आठवडाभर त्यावर दुरुस्तीचा धंदा चालायचा. रविवारी शटर पूर्ण वर, आणि जो येईल त्याला जागा.

त्या रविवारला मामा 'सावड' म्हणायचे. हा शब्द शेतातला. तू माझ्या रानात दिवसभर राब, मी तुझ्या रानात राबेन, पैशाचं नाव काढायचं नाही. मामांनी त्यात एकच बदल केला. इथं फेड ज्यानं शिकवलं त्याची करायची नाही, नव्या माणसाची करायची. आज तुला कुणी शिकवलं, तर पुढच्या रविवारी जो पहिल्यांदा येईल त्याच्याशेजारी तू बसायचंस. हात मागे घेऊन.

मोठ्या शहरांत आता याला कम्युनिटी म्हणतात. गळ्यात ओळखपत्र, पिशवीत फुकटचा टी-शर्ट आणि दुपारच्या जेवणाचा डबा. मी गेले आहे तिथेही. तंत्रज्ञान पुण्यात असतं आणि आपल्याकडे फक्त रिपेअरिंग असतं, हे कुणी ठरवलं? त्या लांब टेबलावर रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा नातवाशी व्हिडिओवर बोलायला शिकले. शिक्रापूरला खोली घेऊन राहणारी, बिहारकडची कारखान्यातली पोरं तिथं हिशेबाचे तक्ते करायला शिकली. त्यांच्यातला कुणी घाई करून दुसऱ्याच्या माऊसला हात लावी, तेव्हा मामा तेवढ्याच प्रेमानं ओरडायचे, "ए हिरो, हाथ पीछे!" घरून चहा घेऊन आलेल्या मामी ट्रे पुढे करत टोला हाणायच्या, "दुसऱ्याच्या कीबोर्डाला हात लावत न्हाईत, आन् घरातल्या भांड्यालाबी न्हाईत."

आणि रूपाली. ती शिरूरची. शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात दिवसभर पार्ट तपासायची आणि रविवारी एसटीनं दौंडला यायची. प्रोग्रॅमिंग ती त्या टेबलावर शिकली. गावात टँकर कधी येणार हे बायकांना फोनवर आधी कळावं, असा छोटासा प्रोग्रॅम तिनं तिथंच लिहिला. माझ्या पहिल्या पत्रकातल्या चार मागण्यांपैकी एक सरकारनं नव्हे, या मुलीनं पुरी केली. आज ती शिरूरमध्ये घरी बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करते. लोक तिला हुशार म्हणतात. ती म्हणते, "मी ढ होते. जोडीला माणसं मिळाली."

मग इमारतच पाडायची ठरली. तिथं कॉम्प्लेक्स होणार होतं. दिवाळीपर्यंत दुकान रिकामं करा, असा मालकाचा निरोप आला. मामांनी धंद्यासाठी घराचं ओसरीवजा पुढचं दालन मोकळं केलं, पण तिथं टेबल मावत नव्हतं. रविवारचं काय, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याच आठवड्यात त्याचं उत्तर पांढऱ्या गाडीतून उतरलं.

गाडी भाऊंच्या माणसाची होती. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढच्या निवडणुकीचे उमेदवार. पाच मजली फ्लेक्सवर हसणारे. त्यांनी हॉल देऊ केला. एसी, नवे कॉम्प्युटर, प्रोजेक्टर. बदल्यात दोन गोष्टी. दारावर बोर्ड लागणार, 'भाऊंच्या संकल्पनेतून'. आणि येणाऱ्या प्रत्येकानं आपला मोबाईल नंबर व प्रभाग नोंदवायचा.

मी पेटले. पण टेबलाभोवती पाहिलं तर निम्मे चेहरे उजळले होते. आप्पांच्या गुडघ्यांना हॉलची लिफ्ट हवी होती. पोरांना नवे कॉम्प्युटर हवे होते. त्यांचं काय चुकलं? मी मामांकडे वळले. "मामा, तुम्ही नाही म्हणा. तुम्ही म्हणालात की विषय संपतो."

मामांचे हात पाठीमागे गेले. तसे ते गेलेले मला कधी इतके नकोसे वाटले नव्हते.

"ह्यो कीबोर्ड माझा न्हाई, हँडबिल. सावड तुमची हाय. मी न्हाई म्हणलो, तर उद्या माझी होईल. भाऊंची झाली काय आन् माझी झाली काय, तुमच्या हातनं गेलीच की."

मग रूपालीनं त्या माणसाला सरळ विचारलं, "दादा, नंबर कशाला पाहिजेत?"

"काय न्हाई ताई, वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायला."

"आमच्या वाढदिवसाला?"

"न्हाई... भाऊंच्या."

पहिले हसले ते आप्पा. मग बिहारी पोरं, कुणीतरी त्यांना हिंदीत सांगितल्यावर. त्या हसण्यात हॉल, एसी, प्रोजेक्टर सगळं वाहून गेलं. आप्पाच उठून म्हणाले, "भाऊंना सांगा, संकल्पना आमच्याकडं हाय. तुम्ही येऊन शिका. पहिल्यांदा येणाराला आम्ही शेजारी बसवतो." पांढरी गाडी निघून गेली. मागच्या बाजूला बसलेल्या मला दिसलं, मामांच्या मनगटावरची पकड ढिली झाली होती.

जागा मात्र गेली ती गेलीच. तेव्हा शेतातली सावड जशी या रानातून त्या रानात जाते, तशी आमचीही फिरू लागली. टेबलाचे तीन तुकडे केले, टेम्पोत घातले. एका रविवारी शिरूरला रूपालीच्या गच्चीवर, एकदा शिक्रापूरला पोरांच्या खोल्यांपुढच्या बोळात, ट्रकच्या भोंग्यांत ओरडत. एकदा केडगावला एका कांद्याच्या वखारीत. तिथं शिंकांमुळे कुणालाच हात मागे ठेवता येईनात. दौंडमधली बंद पडू लागलेली गोष्ट दोन तालुक्यांची झाली. मामा टेम्पोत पुढे बसून जायचे आणि नवं गाव आलं की एकच विचारायचे, "हितं आडोसा न्हाई ना?"

गेल्या उन्हाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढचे काही रविवार कुणालाच सावड भरवावीशी वाटली नाही. मग रूपालीनं फोन केला. "ती बंद पडली तर मामांना दुसरा झटका येईल. त्यांच्याच घरी भरवू."

टेबलाचा एकच तुकडा त्या दालनात मावला. बाकी आम्ही सतरंजीवर. मामा आतल्या खाटेवर होते आणि मामींनी मधे पडदा लावला होता. या अवस्थेत त्यांना कुणी पाहू नये, एवढंच त्यांच्या मनात. आम्ही दबक्या आवाजात काम सुरू केलं. आतून खाटेवर टकटक ऐकू येऊ लागली. थांबेना. मामी आत गेल्या, बाहेर आल्या. "काय पायजे कळंना गं. चिडल्यात लई."

मी कीबोर्ड आणि छोटा स्क्रीन घेऊन आत गेले. रूपाली आणि आप्पा माझ्या मागे. मामांना उशीला टेकवून बसवलं, कीबोर्ड मांडीवर ठेवला. आणि आम्हा तिघांचेही हात, कुणी न सांगता, पाठीमागे गेले.

डाव्या हाताचं एक बोट. प. ड. द. काना. मोकळी जागा. क. काना. मग बोट ड वर आलं, दाबलं, थांबलं. मामांनी मान हलवली आणि ते अक्षर खोडलं. शिफ्टकडे पाहिलं, ड कडे पाहिलं. दोन्ही एकदम दाबायला त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता. पुन्हा ड. पुन्हा खोडलं. चुकीचा शब्द तसाच सोडून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. माझी बोटं एकमेकांत रुतली होती. मी हलले नाही. त्यांनीच शिकवलं होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वी मी सोप्या जागी अडले की पाहायचे, तसं. मग डावा हात लांब करून त्यांनी माझ्या कोपराला धरलं, माझा हात पाठीमागून ओढून पुढे आणला आणि माझं बोट शिफ्टवर ठेवलं.

मी दाबून धरलं. त्यांनी ड दाबला. ढ उमटला. मग काना.

'पडदा काढा.'

मामींनी वाचलं, डोळ्यांना पदर लावला, आणि मग दोन्ही हातांनी पडदा दांडीसकट खाली ओढला. बाहेरच्या दालनातली सगळी तोंडं आमच्याकडे वळली. मामांनी डाव्या हाताचं बोट उचलून टेबलाच्या टोकाकडे दाखवलं. तिथं बिहारचा एक पोरगा शेजारच्या आजींचा माऊस धरून बसला होता.

"हाथ पीछे!" आम्ही सगळेच ओरडलो.

मामा पावसाळा संपताना गेले. या रविवारी सावड शिरूरला आहे. नवीन असाल तर थेट या, शेजारी कुणीतरी बसेल. नंबर कुणी विचारणार नाही.